ॲपलाचियन ट्रेलवर जोडीनं चालताना: गावातला मुक्काम कसा करावा

ॲपलाचियन ट्रेल म्हणजे अमेरिकेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट. ती सलग चालायला बहुतेकांना 5 ते 7 महिने लागतात आणि निघणाऱ्यांपैकी साधारण चौघांतला एकच जण शेवटपर्यंत पोहोचतो. जोडीनं निघणारे लोक चढांची, पावसाची, अस्वलांची तयारी मन लावून करतात. वाटेतल्या गावात थांबून विश्रांती घ्यायच्या, म्हणजे मुक्कामाच्या दिवसाचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. माझ्या मते जोडीचं चालणं टिकतं की मोडतं ते बरंचसं या मुक्कामांवर ठरतं. अंतर दोघांच्या वाट्याला सारखंच येतं, थकवा मात्र सारखा येत नाही. एकाचा गुडघा दुखत असतो, तर दुसऱ्याचे पाय ठणठणीत असूनही डोकं पार शिणलेलं असतं. दोघं एका खोलीत एक दिवस राहिले म्हणजे दोघांनाही विश्रांती मिळाली, असं होत नाही. ती दोघांना वेगवेगळी मिळावी यासाठी थोडी आखणी करावी लागते.

आधी दोन शब्द माहीत करून घ्या, कारण ट्रेलवर ते सतत कानावर पडतात. ज्या दिवशी अजिबात चालायचं नाही तो ‘झिरो’. ज्या दिवशी थोडंसंच चालायचं, म्हणजे सकाळी गावात पोहोचायचं किंवा दुपारी उशिरा गाव सोडायचं, तो ‘निअरो’.

कधी थांबायचं

पहिल्या महिन्यात साधारण आठवड्याला एक मुक्काम धरून चाला. दोन-तीन आठवडे झाले की दम लागणं कमी होतं, मांड्यांत जोर येतो आणि आता रोज 30 किलोमीटर सहज मारू असं वाटायला लागतं. इथे सांभाळा. स्नायू आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. कंडरा, सांधे आणि हाडं मागाहून येतात. टाचेवरची कंडरा, गुडघ्याची वाटी, नडगी यांची दुखणी बहुधा याच काळात सुरू होतात. अंगात जोर असतानाच थांबायचं असतं, हे नवख्या माणसाला पटायला जड जातं, पण निदान जोडीदाराला तरी पटू द्या.

जोडीसाठी एक नियम निघण्याआधीच ठरवून ठेवा: थांबायचं की नाही, हे जो जास्त थकलाय त्याच्याकडे बघून ठरेल. त्यानं कारणं द्यायची नाहीत, दुखणं सिद्ध करून दाखवायचं नाही. ‘मला पुढच्या गावात थांबायचंय’ एवढं वाक्य पुरेसं आहे. हा नियम नसला तर जो मागे पडतो तो दुखणं लपवायला लागतो. मग पुढे एका दिवसाच्या विश्रांतीनं भागलं असतं तिथे दोन आठवडे घालवावे लागतात.

खर्च आणि वेळ दोन्ही वाचवणारी एक पद्धत सांगते. आदल्या रात्रीचा तंबू गावापासून 5-8 किलोमीटर अलीकडे टाका. सकाळी नऊच्या सुमारास गावात पोहोचा, एक रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला निघा. एका रात्रीच्या भाड्यात 30 तास मिळतात. संध्याकाळी सहाला दमून पोहोचून दुसऱ्या सकाळी आठला निघणाऱ्याला तेवढ्याच पैशांत 14 तास मिळतात आणि त्यातले निम्मे झोपेत जातात. खोली लगेच मिळाली नाही तरी बहुतेक ठिकाणी सॅक ठेवू देतात, तेवढ्यात बाहेरची कामं उरकतात. खरं दुखणं असेल तेव्हा मात्र हा हिशेब सोडा आणि पूर्ण झिरो घ्या, दोन लागले तर दोन.

कुठे थांबायचं

काही गावांतून ट्रेल थेट जातो. नॉर्थ कॅरोलायनातलं हॉट स्प्रिंग्ज, व्हर्जिनियातलं दमॅस्कस, न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर ही अशी गावं: ट्रेलची खूण असलेले पांढरे पट्टे रस्त्याच्या खांबांवरूनच पुढे जातात. फ्रँकलिन किंवा गॅटलिनबर्गला मात्र ट्रेलपासून गाडीनं जावं लागतं, म्हणजे शटल ठरवा किंवा रस्त्याला उभं राहून लिफ्ट मागा. पाय दुखत असताना पहिल्या प्रकारचं गाव सोयीचं. सगळं हाकेच्या अंतरावर असतं आणि निघायच्या दिवशी गाडीची वाट बघत बसावं लागत नाही.

हॉस्टेल की मोटेल, हा जोडीपुढचा नेहमीचा प्रश्न. एकट्या माणसाला बंक, म्हणजे हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला एक पलंग, स्वस्त पडतो. दोघांसाठी दोन बंकांचे पैसे मोजले की बऱ्याच गावांत मोटेलच्या साध्या खोलीच्या जवळपास जातात, तेव्हा आधी बेरीज करा. पण पैशांपेक्षा स्वभाव बघा. माझा नवरा गावात पोहोचला की माणसांत रमतो, आणि मला दार लावून गप्प पडायचं असतं. आमच्यासारख्यांना हॉस्टेलमधली स्वतंत्र खोली उत्तम. त्याला व्हरांड्यातल्या गप्पा मिळतात आणि मला दार मिळतं. दोघंही शांत असाल तर मोटेल घ्या. दोघंही बोलघेवडे असाल तर बंकरूममध्ये मजेत राहा, फक्त तिथे दहा जणांच्या घोरण्यात झोप किती लागते याचा अंदाज घ्या.

मेच्या मध्यावर दमॅस्कसमध्ये ‘ट्रेल डेज’ हा मोठा मेळावा असतो. त्या दिवसांत तिथे शांतता आणि खोली दोन्ही मिळणं अवघड, त्यामुळे मेळाव्याला जायचं असेल तर मेळावा म्हणून जा, त्याला विश्रांतीत धरू नका. मे अखेरचा मेमोरियल डे आणि 4 जुलै यांच्या आगेमागेही खोल्या लवकर भरतात.

पोहोचल्यावरचा क्रम

गावात शिरल्यावर पहिली ओढ जेवणाची असते. एक काहीतरी खाऊन घ्या, उपाशीपोटी दोघांनी कुठलाही निर्णय घेऊ नये. त्यानंतर पहिलं काम पोस्टाचं, कारण लहान गावातलं पोस्ट दुपारी जेवणासाठी बंद होतं, शनिवारी बहुधा थोडाच वेळ उघडं असतं आणि रविवारी बंदच. घरून येणारी पार्सलं ‘जनरल डिलिव्हरी’नं, म्हणजे पोस्टातच ठेवून घ्यायच्या सोयीनं, येतात आणि ओळखपत्र दाखवल्यावर मिळतात. पार्सलावर दोघांचीही नावं लिहायला सांगा, ओळखपत्रावर आहेत तशीच. म्हणजे एकाचा पाय सुजला असेल तर दुसरा जाऊन ते आणू शकतो. अपेक्षित तारीखही लिहावी. पोस्ट पार्सल साधारण 15 दिवस ठेवतं, आधी कळवलं तर 30 दिवसांपर्यंत. गॅसचा डबा पोस्टानं मागवण्याच्या भानगडीत पडू नका, तो गावातच घ्या.

मग खोली, अंघोळ आणि कपडे. कपडे धुताना अंगावर काय घालायचं, हा प्रश्न पहिल्या मुक्कामाला सगळ्यांना पडतो, कारण सॅकमध्ये जे आहे ते सगळंच मळलेलं असतं. अनेक हॉस्टेलांत उसन्या कपड्यांची टोपली असते. भलताच टी-शर्ट आणि ढगळ पँट घालून बसायचं. मोटेलात राहिलात तर लॉन्ड्रीत रेनकोट आणि रेनपँट घालून बसलेले लोक दिसतील, तुम्हीही तसेच बसा. गोचिडांच्या प्रदेशातून आला असाल तर कोरडे कपडे धुण्याआधी 10 मिनिटं ड्रायरमध्ये कडक गरम हवेत फिरवा. गोचीड पाण्यात टिकते, कोरड्या उष्णतेत मरते. लोकरीचे कपडे मात्र त्या उष्णतेत आटतात, ते बाजूला काढा.

कामं वाटून घ्या आणि वाटणी दर मुक्कामाला बदला. एक जण कपडे आणि तंबू बघतो, दुसरा पोस्ट आणि फोन. एकाच माणसाच्या गळ्यात प्रत्येक वेळी तीच कामं पडली की दुसऱ्याचा मुक्काम होतो आणि याची नुसती कामाची पाळी बदलते. सगळी कामं पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवायची. दुसरा दिवस मोकळा हवा. उरलेली कामं दुसऱ्या दिवशी डोक्यात राहिली की पडल्या पडल्याही विश्रांती लागत नाही.

सामानाचं थोडक्यात: तंबू उलगडून पूर्ण वाळवा, ओला गुंडाळलेला तंबू दोन दिवसांत कुबट होतो. स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून मोकळी पसरून ठेवा. पाण्याचा फिल्टर उलट्या दिशेनं पाणी दाबून स्वच्छ करा, आणि थंडीत तो गोठला असल्याची शंका असेल तर बदलाच, कारण आतल्या नळ्यांना गेलेले तडे दिसत नाहीत. हवेची गादी रात्री बसत असेल तर टबात पाणी भरून ती थोडी थोडी दाबत पाण्याखाली धरा. एकानं दाबायची, दुसऱ्यानं पाण्याशी डोळे नेऊन बघायचं. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुड्यांची बारीक रांग वर येते, तिथे लगेच पेननं गोल करायचा. गादी वाळल्यावर ते भोक नुसत्या डोळ्यांना सापडत नाही.

अंग तपासणं

जोडीनं चालण्याचा मोठा फायदा इथे आहे. स्वतःची पाठ, मानेमागची केसांची कड, गुडघ्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. अंघोळीनंतर चांगल्या उजेडात एकमेकांना तपासा: कानांच्या मागे, काखेत, बेंबीत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली. लाइम आजार पसरवणारी काळ्या पायांची गोचीड लहानपणी खसखशीच्या दाण्याएवढी असते. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. जाळणं, व्हॅसलीन लावणं असले प्रकार करू नका. तिला जंतू अंगात सोडायला साधारण 24 तासांहून जास्त वेळ चिकटून राहावं लागतं, म्हणून रोजची तपासणी कामाची. पुढच्या 3 ते 30 दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, अंगदुखी काहीही आलं तर डॉक्टरकडे जा. चट्टा गोल रिंगणासारखाच दिसेल असं नाही.

पायांकडे निवांत बघा. फोड भरलेला आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. खोलीत मोजे घालू नका, पायांना वारं लागू द्या. फोडाभोवती लाली पसरायला लागली किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली तर तो जंतुसंसर्ग आहे, चालणं बंद. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूवर दाबलं की कळ येते आणि बसल्यावरही दुखतं, असं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्यावर गोळ्या घेऊन पुढे जाऊ नका. बुटांचे तळवेही उलटे करून बघा. ट्रेल रनर जातीचे बूट 500 ते 800 किलोमीटर चालतात, आणि पाय सुजून लांबरुंद होतात म्हणून नवे घेताना माप पुन्हा घ्या.

आणि हात. नोरोव्हायरसच्या साथी या ट्रेलवर अधूनमधून येतात. जोडीत एकाला उलट्या-जुलाब झाले की दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. सुक्या मेव्याच्या पाकिटात दोघांनी हात घालायचे नाहीत, पाकीट तिरकं करून तळहातावर ओतून घ्यायचं. चमचा आणि पाण्याची बाटली ज्याची त्याची. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी.

थोडा वेळ वेगळे राहा

ट्रेलवर तुम्ही चोवीस तास एकत्र असता. दिवसभर त्याच माणसाची पाठ समोर दिसते आणि रात्री दोन फुटांवर तेच माणूस झोपलेलं असतं. म्हणून मुक्कामात तीन-चार तास ठरवून वेगळे घालवा. एकानं ग्रंथालयात जावं, एकानं आईला निवांत फोन करावा, एकानं नुसतं झोपावं. कुठे गेला होतास, काय केलंस याचा हिशेब मागू नये. नवख्या जोड्यांना हे रुसल्यासारखं वाटतं, म्हणून ते भांडण झाल्यावर करू नका. सगळं छान चाललेलं असतानाच सवय लावा.

त्यानंतर बोलायला बसा. पोहोचल्या पोहोचल्या नाही. एक पोटभर जेवण आणि एक रात्र झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. आतापर्यंत किती खर्च झाला ते लिहून बघा, कारण ट्रेलवर पैसे जवळजवळ लागतच नाहीत आणि गावात भराभर जातात. पुढच्या टप्प्यात रोज किती चालायचं ते ठरवा. मग प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, जी गेल्या आठवड्यात जड गेली. दुसऱ्यानं तिथल्या तिथे उपाय सुचवायचा नाही, आधी ऐकून घ्यायचं. माझ्या अनुभवात सकाळी कोण आधी आवरतो, चढावर कोण थांबून वाट बघतो, अशाच बारक्या गोष्टी निघतात, आणि त्या बोलल्या गेल्या नाहीत तर पुढच्या चढावर त्यांचंच भांडण होतं.

घरी परत जायचं का, हा विषय निघाला तर तो टाळू नका, पण त्याच दिवशी निकालही लावू नका. पावसात भिजून, दुखऱ्या पायांनी घेतलेला निर्णय मुक्कामानंतर बरेचदा बदलतो. मुक्काम झाल्यावर, ऊन पडलेलं असताना, पोट भरलेलं असताना तेच मत कायम असेल तर ते गंभीरपणे घ्या.

एकाला थांबायचंय, दुसऱ्याला चालायचंय

हा प्रसंग लांबच्या चालीत कधी ना कधी येतोच. त्याचं उत्तर स्प्रिंगरला पहिलं पाऊल टाकण्याआधी द्यायचं असतं: दोघांनाही ट्रेलचा प्रत्येक किलोमीटर स्वतःच्या पायांनी पुरा करायचा आहे का? दोघांचं उत्तर ‘हो’ असेल तर एक चालला की दुसऱ्याला ते अंतर नंतर भरून काढावं लागणार, मग सोबत थांबणंच बरं. एकाला तसा हट्ट नसेल तर मार्ग खूप मोकळे होतात.

सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे स्लॅकपॅकिंग. हॉस्टेलचं शटल चालणाऱ्याला ट्रेलवर एका ठिकाणी सोडतं आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणाहून आणतं. त्यानं पाणी, खाणं, रेनकोट, दिवा घेऊन हलक्या पिशवीनं दिवसभर चालायचं. दुखऱ्या पायाचा माणूस खोलीत राहतो. रात्री दोघं एकाच छपराखाली असतात. पण थांबणाऱ्याला ‘माझ्यामुळे अडकला’ असं वाटत असतं, तेव्हा त्यानं न विचारताच चालणाऱ्यानं सांगावं की उद्याही मी इथेच आहे. काही दिवसांची सक्तीची विश्रांती लागणार असेल तर चालणाऱ्यानं पुढे जावं आणि दुसऱ्यानं गाडीनं पुढच्या गावात जाऊन थांबावं, असंही करता येतं. तेव्हा भेटायचं गाव, दिवस आणि ‘निरोप नाही मिळाला तर किती वाजेपर्यंत वाट बघायची’ हे कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. डोंगरात फोनची रेंज भरवशाची नसते.

चालणाऱ्या मित्रमंडळींचा घोळकाही ओढतो. सगळे आज राहणार म्हणून राहणं, सगळे निघाले म्हणून निघणं, दोन्ही जोडीला महागात पडतं. काही गावं तर अशी असतात की लोक एका दिवसासाठी येतात आणि चार दिवस हलत नाहीत. निघायची वेळ आल्या दिवशीच ठरवा.

शिधा भरणं आणि निघणं

माणशी दिवसाला 700 ते 900 ग्रॅम सुकं खाणं धरा. पाच दिवसांचं दोघांचं मिळून 8 किलोच्या आसपास जातं. दुकानात भूक असताना गेलात तर दुप्पट उचलाल, जेवून जा. महिनाभरानंतर दोघांची भूकही वेगळी असते. पुरुषांचं वजन बहुधा जास्त झपाट्यानं उतरतं. तेव्हा शिधा समान न वाटता भुकेप्रमाणे वाटा, आणि प्रत्येकाचं खाणं वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यामुळे चौथ्या दिवशी शेवटच्या चॉकलेटवरून तोंडं वाकडी होत नाहीत.

ओझं वाटताना एक गोष्ट सोडू नका. तंबू, चूल, फिल्टर दोघांत एकच असतं आणि दोघं दिवसभर जवळ असतातच असं नाही. प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचा दिवा, एका दिवसाचं खाणं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा, ओळखपत्र आणि थोडे पैसे हवेतच. एकाकडे तंबूचं कापड आणि दुसऱ्याकडे काठ्या अशी वाटणी वजनाला बरोबर वाटते, पण धुक्यात चुकामूक झाली तर दोघंही उघड्यावर. पूर्ण तंबू एकाकडे द्या, आणि दुसऱ्याकडे स्लीपिंग बॅगसोबत निदान पावसाचं एक पांघरूण राहू द्या.

पुढच्या टप्प्याचे नियम मुक्कामातच बघून घ्या. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये शिरण्याआधी परमिट लागतं. जॉर्जियात ब्लड माउंटनच्या टप्प्यात 1 मार्च ते 1 जून या काळात रात्री तंबू टाकायचा तर खाण्यासाठी अस्वलरोधक डबा लागतो. ही कामं वायफाय आणि चार्जिंग असताना उरकतात.

निघायच्या दिवशी अंतर कमी ठेवा, 12 ते 15 किलोमीटर पुष्कळ झालं. गावं खोऱ्यात असतात, त्यामुळे गाव सोडलं की चढ येतोच, आणि सॅक त्या दिवशी सर्वांत जड असते. हॉट स्प्रिंग्जमधून फ्रेंच ब्रॉड नदीच्या काठानं निघालात की थोड्याच वेळात लव्हर्स लीपच्या कड्याकडे खडा चढ सुरू होतो. अशा ठिकाणी ज्याचा पाय दुखरा होता त्याला पुढे चालू द्या, त्याच्या गतीनं दुसऱ्यानं जायचं. पहिल्या दोन दिवसांचं जेवण त्याच्याच सॅकमधून काढा, म्हणजे त्याचं ओझं आधी उतरेल. आणि खोलीची किल्ली परत देण्याआधी पलंगाखाली, ड्रायरमध्ये आणि भिंतीतल्या प्लगला एकदा नजर टाका. चार्जर मागे राहतात ते तिथेच.